नरडाण्याहून अस्तंभ्याकडे

खानदेशचा नकाशा पुढे घेतला, तर मुंबईहून आग्र्यास जाणारा हमरस्ता आणि सुरतेहून भुसावळेस जाणारा लोहमार्ग हे दोन्ही जेथे एकत्र येतात, तेथे नरडाणा हे गाव आढळते. धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडे तालुक्यातील हे गाव देखणेपणाबद्दल प्रसिद्ध नाही. काळीभोर जमीन, कापसाची शेते, वैशाखात अंग भाजून काढणारा वारा, अलीकडे उभी राहिलेली औद्योगिक वसाहत आणि अहोरात्र धावणाऱ्या मालमोटारी, एवढेच त्याचे वैभव. तथापि एक धन या गावास निसर्गाने विनामूल्य दिले आहे. पावसाळा सरला, हवा निवळली, की उत्तरेच्या क्षितिजावर सातपुड्याची निळसर रेषा दिसू लागते. मध्ये तापीमाई वाहते. तिच्या अलीकडे आपले नित्याचे जग, आणि पलीकडे शिरपूर मागे टाकले की डोंगर, जंगल व पाडे यांचे दुसरे जग.

२०२२ सालची दिवाळी जवळ आली होती. घरात मुंबई-पुण्याहून लेकी-सुना व नातवंडे जमली होती. एकत्र कुटुंबात रात्रीची जेवणे आटोपली म्हणजे मुले कोठे तरी कोपऱ्यात गोळा व्हावयाची, हे पूर्वापार चालत आले आहे. फरक इतकाच, की पूर्वी तेथे आजी गोष्ट सांगे, आणि आता हातातील दूरध्वनीच्या लहानशा पडद्यावर भुतांचे चित्रपट चालतात. त्यांतील एकाने मला विचारले, "नाना, भुताचा प्रत्येक सिनेमा डोंगरात नाही तर जंगलातच का असतो हो? आपल्या सातपुड्यातही असं काही आहे का?" प्रश्न पोराचा खरा, पण उत्तर सहज देता येण्याजोगे नव्हते. त्या उत्तराच्या शोधात मी जो थोडासा प्रवास केला, त्याची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रश्नाच्या पहिल्या अर्धाचे उत्तर भरतमुनींनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचे विवेचन आहे. भय हा त्याचा स्थायीभाव, कृष्ण हा त्याचा वर्ण आणि काल ही त्याची देवता. हा रस कशापासून उत्पन्न होतो, हे सांगताना मुनींनी जी यादी दिली आहे, तीत विकृत आवाज, भूतपिशाचादिकांचे दर्शन, कोल्ह्याघुबडांचा त्रास, ओसाड घर आणि अरण्यात जाणे ही कारणे नमूद आहेत. आजचा कोणताही भयपट घ्या. किंचाळी, भूत, घुबड, पडका वाडा आणि रान या पाचांपलीकडे त्याची सामग्री क्वचितच जाते. साधने बदलली, नाटकाच्या जागी बोलपट आला, पण माणसाचे काळीज कशाने धडधडते हे मात्र बदललेले नाही.

याच ठिकाणी मुनींनी भयाचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिले व्याजजन्य, म्हणजे खोटे, बतावणीने उत्पन्न केलेले. दुसरे अपराधजन्य, म्हणजे स्वतःच्या हातून घडलेल्या पातकामुळे मनात शिरलेले. तिसरे वित्रासितक, म्हणजे खरोखरीच्या त्रासामुळे जडलेले. हे तीन शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावे; पुढे त्यांचा उपयोग होणार आहे.

प्रथम व्याजजन्य भयाचा विचार करू. पाश्चात्त्य देशांत डोंगरातील भयकथांना ज्या ग्रंथाने मोठी चालना दिली, तो ब्रॅम स्टोकर यांचा 'ड्रॅक्युला' १८९७ साली प्रसिद्ध झाला. कार्पेथियन पर्वतातील एका गढीत राहणारा, माणसांचे रक्त पिणारा सरदार त्यात रंगविला आहे. मौज ही, की स्टोकर साहेब त्या ट्रान्सिल्व्हानिया प्रांतात जन्मात गेले नव्हते. पुस्तके व नकाशे चाळून त्यांनी ते भयंकर डोंगर इंग्लंडात बसून उभे केले. पुढे १९२२ साली जर्मन दिग्दर्शक मुर्नाव यांनी याच कथेवरून 'नोस्फेरातू' हा मूकपट काढला, तेव्हा ओरावा येथील किल्ला व तात्रा पर्वत यांची दृश्ये त्यांनी घेतली; पण ही स्थळे आजच्या स्लोव्हाकिया देशात आहेत, ट्रान्सिल्व्हानियात नाहीत. प्रेक्षकांस त्याचे काय! त्यांस डोंगर उंच आणि वाट निर्जन दिसली, म्हणजे झाले.

१९८० साली आलेल्या 'द शायनिंग' या चित्रपटात बर्फाने वेढलेल्या डोंगरातील एका ओस पडलेल्या हॉटेलात एक कुटुंब हिवाळाभर अडकून पडते. बाहेरून दिसणारे ते हॉटेल अमेरिकेत ओरेगॉन संस्थानातील हूड पर्वतावर आहे. आतील दालने मात्र इंग्लंडातील चित्रशाळेत उभारलेली होती. मूळ कादंबरीत झपाटलेल्या खोलीचा क्रमांक २१७ होता. त्या क्रमांकाची खोली हॉटेलात खरोखरीच असल्याने, पुढे तीत कोणी उतरणार नाही, अशी धास्ती चालकांस वाटली, आणि त्यांच्या सांगण्यावरून चित्रपटात २३७ हा हॉटेलात नसलेला क्रमांक घातला गेला. भुताचा धंदा करणाऱ्यांनाही गिऱ्हाइकाची भीती असतेच!

आता आपल्या देशाकडे वळू. बिमल रॉय यांचा 'मधुमती' (१९५८) आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांनी आवडीने पाहिलेला. पहाडी प्रदेश, धुके, देवदारांची बने आणि त्यांतून हाक मारणारी मृत नायिका. त्याचे चित्रण नैनीतालच्या बाजूस झाले; परंतु तेथील बराचसा चित्रित भाग पुढे खराब निघाला. इतक्या दूर पुन्हा जाणे परवडणारे नव्हते. म्हणून इगतपुरीनजीक वैतरणेच्या परिसरात देखावे उभारून, कृत्रिम झाडे रोवून नैनीतालची बतावणी करण्यात आली. मुंबईस जाता-येता आम्ही खानदेशकर ज्या इगतपुरी स्टेशनावर चहा पीत आलो, तिच्याच आसपास हिमालय उभा होता, हे कळल्यावर मला हसू आवरेना.

रामसे बंधूंचे नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा व्हावयाचा नाही. फाळणीनंतर कराचीहून मुंबईस आलेल्या या सिंधी कुटुंबातील सात भाऊ. कोणी दिग्दर्शन करी, कोणी छायाचित्रण, कोणी ध्वनिलेखन, कोणी लेखन. एकत्र कुटुंबाचा असा चोख उपयोग क्वचितच कोणी केला असेल. त्यांचा पहिला भयपट 'दो गज जमीन के नीचे' १९७२ साली आला. घरची माणसे व मोजके नट बसमध्ये घालून ही मंडळी महाबळेश्वरास गेली, सरकारी विश्रामगृहात राहिली, आणि सुमारे चाळीस दिवसांत चित्रपट पुरा करून परतली. पुढे १९८४ सालच्या 'पुराना मंदिर'ने तर धो धो पैसा मिळविला. म्हणजे आपण ज्या महाबळेश्वरी मुलांना घेऊन स्ट्रॉबेरी खावयास जातो, तेच पडद्यावर माणसास गिळणारे घोर अरण्य! दुरून डोंगर साजरे असे आपण म्हणतो; छायाचित्रकाराच्या यंत्रातून मात्र तेच डोंगर भेसूर करता येतात.

हा 'पुराना मंदिर' मी सारंगखेड्याच्या यात्रेत तंबूत पाहिला. तापीकाठच्या त्या गावी दत्तजयंतीस एकमुखी दत्ताची मोठी यात्रा भरते आणि तीत घोड्यांचा प्रसिद्ध बाजार असतो. फिरत्या सिनेमाचे तंबू त्या काळी यात्रेत हटकून येत. जमिनीवर बसकण, एका बाजूस पुरुष, दुसरीस बायका, मध्ये दोरी. राक्षस पडद्यावर आला की सगळा तंबू एका आवाजात ओरडे, आणि पुढच्याच क्षणी हशा पिके. खेळ सुटल्यावर माणसे भजी खात खात, अंधारातून, बैलगाड्यांनी निर्धास्त घरी जात. व्याजजन्य भयाचे हे खरे स्वरूप होय. ते घटकाभर येते आणि मनाची धूळ झाडून जाते. सर्वांनी मिळून भ्यावे आणि मिळून हसावे, यात मला आजही काही गैर दिसत नाही. ज्यांना ते अजिबात वर्ज्य वाटते, त्यांनी भवभूतीच्या 'मालतीमाधवा'तील स्मशानाचा पाचवा अंक आठवावा.

दुसरे भय अपराधजन्य. त्याचे अलीकडील उत्तम उदाहरण 'तुंबाड' हा २०१८ साली आलेला चित्रपट. रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यात, जगबुडीच्या काठी तुंबाड हे गाव खरोखरीच आहे, आणि श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या कादंबरीमुळे मराठी वाचकांस ते परिचित आहे. चित्रपटाने तेथून नाव घेतले. कथानक वेगळे आहे, आणि त्यात आपल्या नारायण धारपांच्या भयकथेचाही अंश आहे. सतत कोसळणारा पाऊस, ओस पडलेला वाडा, आणि गुप्त धनाच्या लोभाने पिढ्यान् पिढ्या त्या वाड्यात उतरणारे एक ब्राह्मण घराणे. पाऊस खरा दिसावा म्हणून कित्येक पावसाळे थांबून चित्रण केले गेले. १९१८ पासून १९४७ पर्यंतचा काळ त्यात आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षाही अधिक लोकांनी तो पाहिला. येथे राक्षस आहे खरा. पण प्रेक्षक घरी परततो तो राक्षसास भिऊन नव्हे. बापाचा लोभ मुलाकडे कसा उतरतो, हे पाहून तो अस्वस्थ होतो. भरतमुनींनी दुसरा प्रकार निराळा का मानला, ते अशी कृती पाहिली म्हणजे ध्यानी येते.

आणि येथे मला आमचा सातपुडा आठवला. कारण अपराधजन्य भयाची जी सर्वांत थोर कथा आपल्या वाङ्मयात आहे, तिचा नायक खानदेशातच राहतो, अशी इकडील लोकांची समजूत आहे. तो नायक म्हणजे अश्वत्थामा.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मी नरडाण्याहून सकाळच्या गाडीने निघालो. शिंदखेडे, दोंडाईचे ही स्टेशने मागे टाकीत गाडी नंदुरबारास पोहोचली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेल्या जिल्ह्याचे हे मुख्य ठाणे. तेथून तापी ओलांडून तळोद्यास गेलो. तळोदे अगदी सातपुड्याच्या पायथ्याशी वसले आहे. नरडाण्याहून जी निळी रेषा दिसते, ती येथे हिरवी, तपकिरी, खडबडीत भिंत होऊन पुढ्यात उभी राहते. पुढे चांदसैलीचा घाट चढून धडगावकडे, म्हणजे अक्राणी तालुक्यात जावयाचे. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस दरी, आणि वळणे अशी, की गाडीचा पुढील भाग कोठे वळणार ते मागील भागास ठाऊक नसावे.

अक्राणीच्या डोंगरात सुमारे १,३२५ मीटर उंचीचे अस्तंभ्याचे शिखर आहे. धनत्रयोदशीस येथे यात्रा भरते. महाराष्ट्र, गुजरात व मध्यप्रदेश या तिन्ही प्रांतांतील आदिवासी बांधव हजारोंनी जमतात आणि रात्रभर डोंगर चढून पहाटे माथ्यावर पोहोचतात. अस्तंभा ऋषी, म्हणजेच अश्वत्थामा, हे त्यांचे दैवत.

महाभारताच्या सौप्तिकपर्वातील कथा वाचकांस ठाऊकच आहे. तथापि ती या डोंगरात आठवण्यासारखी आहे. दुर्योधन पडला त्या रात्री अश्वत्थामा अरण्यात वटवृक्षाखाली जागा होता. झाडावर निजलेल्या कावळ्यांवर एक घुबड झडप घालून त्यांस ठार मारताना त्याने पाहिले, आणि निजलेल्या शत्रूंस मारण्याची कल्पना त्याच्या मनात आली. त्याने पांडवांच्या शिबिरात शिरून धृष्टद्युम्नास व द्रौपदीच्या पाचही मुलांस झोपेत मारले. शेवटी त्याच्या मस्तकावरील मणी काढून घेण्यात आला. आणि तीन सहस्र वर्षे, रक्तपुवाच्या दुर्गंधीसह, कोणाच्याही सोबतीवाचून निर्जन प्रदेशांत तू भटकशील, असा शाप श्रीकृष्णांनी त्यास दिला. अरण्य, रात्र, घुबड, हत्या आणि कधीही न मरणारा भटका अपराधी! भयपटास याहून अधिक काय हवे? २०२४ सालच्या 'कल्कि २८९८ एडी' या भव्य चित्रपटात अश्वत्थामा आला. पण तो योद्धा म्हणून. सातपुड्यातील अश्वत्थामा अद्याप पडद्यावर यावयाचा आहे.

डोंगरातील लोकांची समजूत अशी, की कपाळावरील जखमेसाठी तेल मागत तो दऱ्याखोऱ्यांतून हिंडतो, आणि वाट चुकलेल्या यात्रेकरूस वाट दाखवितो. ही दुसरी गोष्ट ऐकून मी थबकलो. ज्यास व्यासांनी शाप देऊन माणसांतून हाकलून दिले, त्यास या माणसांनी वाटाड्या केले! पडद्यावरील भूत डोंगरात आलेल्यास वाट चुकविते. येथील शापित पुरुष वाट दाखवितो.

माझ्या गुडघ्यांनी शिखराची परवानगी दिली नाही. मी पायथ्याशीच राहिलो. रात्र झाली. थंडी अशी, की नरडाण्यात ती पौषातही पडत नाही. आणि डोंगरावर उजेडाची एक रांग चढू लागली. काही मशाली, बरेचसे विजेचे दिवे. ढोल वाजत होते, गाणी चालू होती. म्हाताऱ्या बाया, कडेवर पोरे घेतलेल्या तरुणी, शाळकरी मुले, सर्व जण त्या अंधाऱ्या अरण्यातून, ज्यात एक रक्ताळलेला अमर पुरुष भटकतो असे त्यांस मनापासून वाटते, त्याच्याच भेटीस निघाले होते. एकाच्याही चेहऱ्यावर भय नव्हते. भरतमुनींनी अरण्यगमनास भयाचे कारण म्हटले, ते नगरातून येणाऱ्या प्रेक्षकासाठी असावे. ज्याचे घरच अरण्यात, त्यास अरण्य म्हणजे अंगण.

मग या लोकांस भय कशाचे? हा प्रश्न मी माझ्या सोबतीस केला. तो माझा एके काळचा विद्यार्थी. तिकडील एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. तो म्हणाला, "गुरुजी, भूतखेत राहू द्या. इथं खरी भीती रात्री कुणी आजारी पडण्याची." आणि त्याने मागील वर्षीची गोष्ट सांगितली, जी वृत्तपत्रांतून महाराष्ट्रभर गेली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळली आणि रस्ता बंद झाला. एका गावकऱ्याची बायको तापाने फणफणली होती. वाहन जाऊ शकेना. तेव्हा त्याने तिला खांद्यावर घेतले आणि तो दवाखान्याकडे पायी चालू लागला. दवाखाना गाठण्यापूर्वीच त्या बाईने प्राण सोडला. मी ज्या घाटातून निसर्गशोभा पाहात आलो होतो, तोच हा घाट. पुढे १८ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन धनत्रयोदशीस, अस्तंभ्याहून परतणाऱ्या यात्रेकरूंनी भरलेली गाडी याच घाटात कोसळली आणि कित्येक जण दगावले. भरतमुनींच्या वित्रासितक भयाचा अर्थ समजून घेण्यास कोशाची गरज उरली नाही.

माझ्या विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट सांगितली. ती ऐकल्यापासून भयपटांकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. त्यांच्या वसतिगृहात सुटीच्या दिवशी मुलांना सिनेमा दाखवीत. एकदा मुलांनी भुताच्या चित्रपटाचा हट्ट धरला. पडद्यावर जंगल आले, झोपडी आली, आणि झोपडीतून उलट्या पायांची, केस मोकळे सोडलेली म्हातारी चेटकीण बाहेर आली. मुले किंचाळली, हसली, एकमेकांस बिलगली. आठवीतील एक मुलगी मात्र उठून बाहेर जाऊन बसली. शिक्षक तिच्यामागे गेला. तिने विचारले, "गुरुजी, हिचे पाय उलटे का दाखवले? माझ्या आजीचे पाय सरळ होते."

या मुलीच्या पाड्यावर काही वर्षांपूर्वी तापाच्या साथीत दोन लहान मुले गेली. तेथे जवळ डॉक्टर नव्हता, भगत होता. त्याने मुलीच्या आजीकडे बोट दाखविले, ही डाकीण आहे म्हणून. म्हातारीस मारहाण झाली. घर सोडून ते कुटुंब रातोरात दुसऱ्या गावी गेले. आणि म्हातारी फार दिवस जगली नाही.

सातपुड्याच्या पट्ट्यात डाकीण ठरविण्याची ही दुष्ट चाल अनेक स्त्रियांना भोवली आहे. बहुधा ती विधवा असते, एकटी असते, किंवा तिच्या नावे जमिनीचा तुकडा असतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली, आणि त्यानंतर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले तो महाराष्ट्रात झाला. जादूटोणा करते, भूत लावते, असा आळ घालून एखाद्या व्यक्तीस छळणे हा आता गुन्हा आहे. त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. कायदा झाला हे उत्तमच. पण तो पाड्यापर्यंत पोहोचण्यास वाट तोच चांदसैलीचा घाट आहे.

चित्रपट काढणारास या म्हातारीची गोष्ट ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यास फक्त एक भीतिदायक बाई हवी असते. परंतु डोंगरातील एकाकी म्हातारी म्हणजे चेटकीण, हे चित्र शंभर वेळा दाखविले गेले, की जेथे त्या समजुतीने माणसे मरतात तेथे त्या भगतास पडद्याचीही साक्ष मिळते. तंबूतील राक्षस हसून विसरता येतो, कारण तसा राक्षस कोणाचा शेजारी नसतो. अमेरिकेतील एक उदाहरण देतो. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' हा १९९९ सालचा चित्रपट. बर्किट्सव्हिल या मेरीलँडमधील खरोखरीच्या चिमुकल्या गावाभोवतीच्या रानात चेटकीण असल्याची दंतकथा त्याकरिता रचली गेली. चित्रपट गाजला, आणि हौशी लोकांच्या झुंडी त्या गावात शिरल्या. गावाच्या नावाच्या पाट्यासुद्धा चोरीस गेल्या. कल्पित चेटकिणीने खऱ्या गावकऱ्यांची झोप उडविली ती अशी.

डोंगरातील माणूस भयंकर आहे, ही समजूत काही सिनेमाने नव्याने काढलेली नाही. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला, तेव्हा सरकारी कागदांत भिल्ल म्हणजे लुटारू, असेच वर्णन येऊ लागले. ज्यांच्या जमिनी व हक्क गेले ते डोंगरात शिरले, आणि डोंगरात शिरले म्हणून ते भयंकर ठरले. १८२५ साली औट्रम साहेबाने याच भिल्लांची पलटण धरणगावी उभारली. सेंधव्याच्या घाटातील वाटेची रखवाली करणारा खाज्या नाईक प्रथम सरकारी चाकरीतच होता. १८५७ साली तो बंडात उतरला, आणि एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीच्या लढाईत भिल्लांचे पुष्कळ रक्त सांडले. नरडाण्यावरून जाणारा आग्र्याचा रस्ता आजही त्याच घाटाने वर चढतो.

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त भयानक रसाचे उदाहरण म्हणून 'शाकुंतला'च्या आरंभीचा तो प्रसिद्ध श्लोक घेतला आहे, ज्यात दुष्यंताच्या रथापुढे जीव घेऊन धावणारे हरिण वर्णिले आहे. शाळेत हा श्लोक मी तीस वर्षे शिकविला. त्यात वाघ नाही, पिशाच नाही. अरण्य आहे, आणि ते आश्रमानजीकचे, शांत आहे. भ्यालेला प्राणी अरण्यातला आहे. आणि भय घेऊन आलेला आहे तो नगरातून, रथात बसून. अरण्यातील भयाचे उदाहरण शोधताना मम्मटाने हरिणाच्या बाजूने पाहिले. आपले चित्रपट बहुधा रथाच्या बाजूने पाहतात.

आता गृहस्थाश्रमी वाचकांस दोन शब्द. मुलांनी भयपट पाहू नयेत, असे फर्मान मी काढणार नाही; काढले तरी ते पाळले जाणार नाही. एकट्याने, रात्री, पांघरुणात तोंड घालून पाहू नयेत, एवढे अवश्य सांगावे. घरच्या चार माणसांत पाहावे, म्हणजे भित्यापाठी ब्रह्मराक्षस लागावयाचा नाही. खेळ संपला की मुलांस विचारावे, की हे डोंगर कोणते, हे कोठे चित्रित केले असेल, आणि यात वाईट कोणास दाखविले आहे. पहिल्या दोन प्रश्नांनी भीती जाते. तिसऱ्याने विचार सुरू होतो. चेटकीण म्हणून एखादी म्हातारी दाखविली असेल, तर अशा म्हाताऱ्या खरोखरी कोठे राहतात व त्यांचे काय होते, हेही मोठ्या मुलांस सांगण्यास हरकत नाही. माझ्या नातवंडांस मी ते सांगितले. धाकटा गप्प राहिला. थोरलीने विचारले, की त्या मुलीचे पुढे शिक्षण चालू आहे ना? आहे, असे मी कळवू शकलो.

ज्यांस अस्तंभ्याची यात्रा पाहावयाची इच्छा असेल, त्यांनी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी नंदुरबार गाठावे आणि तळोद्याचा रस्ता दिवसाउजेडी धरावा. घाटात रात्री गाडी घालू नये, आणि माणसांनी खच्चून भरलेल्या गाडीत मुळीच बसू नये. उबदार कपडे व पाणी सोबत असावे. वर जाणाऱ्या यात्रेकरूंची छायाचित्रे विचारल्यावाचून काढू नयेत. विचारले तर ते सहसा नाही म्हणत नाहीत. अंधारात वाट सुचेनाशी झाली, तर पुढच्या माणसास हाक मारावी. तो थांबतो आणि सोबत घेऊन जातो.